एनआयएसवरून एलडॅपवर: यादी हलवण्याआधी यादीला विचारणारे शोधा

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅब मी काही वर्षं सांभाळल्या. विद्यार्थी, शिक्षक, प्रोजेक्टवाले, सगळ्यांची लिनक्स लॉगिनं एका म्हाताऱ्या एनआयएस सर्व्हरवर होती, म्हणजे सगळ्या मशीनना लॉगिनची एकच यादी पुरवणाऱ्या जुन्या पद्धतीवर. ती एलडॅपवर, म्हणजे त्याच कामाच्या नव्या पद्धतीवर, न्यायची ठरलं तेव्हा मी विभागप्रमुखांना म्हणालो, "सर, शनिवारी दुपारी सुरू करतो, रविवारी संध्याकाळी झालेलं असेल." नावं हलायला खरंच तासभर लागला. बाकीच्याला दीड महिना. तो दीड महिना कशात गेला ते इथे लिहितो आहे. तुम्ही नुकतेच अ‍ॅडमिनच्या खुर्चीत बसला असाल आणि असंच काम अंगावर आलं असेल, तर निदान त्याच खड्ड्यांत पडू नका, नवे शोधा.

आज्ञांची नावं आपण तोंडाने म्हणतो तशी दिली आहेत. पडद्यावर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

हे आहे तरी काय

डिरेक्टरी म्हणजे सोसायटीच्या वॉचमनकडची वही. कोण कुठल्या फ्लॅटमध्ये, कोणाला आत सोडायचं, गाडी कुणाची. वही नवी करायची तर जुनीवरून उतरवून काढता येते. पण दूधवाला, पेपरवाला, गॅसवाला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची बाई हे सगळे त्याच खिडकीत येऊन विचारतात, हे वहीत कुठेच लिहिलेलं नसतं. आपलं खरं काम तिथे आहे.

एनआयएस ही सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकात काढलेली पद्धत. मूळ नाव यलो पेजेस. ब्रिटनमध्ये ते नाव ब्रिटिश टेलिकॉमचा ट्रेडमार्क निघालं म्हणून बदलावं लागलं, पण आज्ञांच्या सुरुवातीचं 'वायपी' तसंच राहिलं: वायपीकॅट, वायपीव्हिच, वायपीपासवर्ड. एलडॅपमध्ये हीच माहिती कशी मांडायची ते १९९८ च्या आरएफसी २३०७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ठरवून दिलं आहे. पॉझिक्सअकाउंट, पॉझिक्सग्रुप, मेंबरयूआयडी ही नावं तिथली.

आता हे काम टाळता येत नाही, कारण रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ९ व्या आवृत्तीत एनआयएसची पॅकेजेसच नाहीत. लॅबमधली मशीन नवी केली की प्रश्न दारात उभा. त्याच घराण्याने ८ व्या आवृत्तीपासून ओपनएलडॅप हा एलडॅपचा सर्व्हरही देणं बंद केलं. तिथे ३८९ डिरेक्टरी सर्व्हर किंवा त्यावर उभं असलेलं फ्रीआयपीए घ्यावं लागतं. डेबियन आणि उबुंटूवर ओपनएलडॅप सुखाने मिळतं. आम्ही तेच घेतलं.

पहिली पायरी: विचारणारे कोण

एक तक्ता करा. आयपी, मशीनचं नाव, खोली, जबाबदार माणूस, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, आणि ते मशीन डिरेक्टरीला नेमकं काय विचारतं. हा तक्ता आठवणीतून भरू नका. सर्व्हरवरून भरा.

एनआयएसची अडचण अशी की त्याला ठरलेला पोर्ट नाही. तो पोर्टमॅपरकडून, म्हणजे १११ वरून, मिळेल तो घेतो. म्हणून वायपीसर्व्ह सुरू करताना पोर्टचा पर्याय देऊन तो एका आकड्यावर बांधा आणि मग नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं टीसीपीडम्प लावून त्या पोर्टवर कोण कोण येतं ते लिहून घ्या. एक दिवस पुरत नाही. किमान दोन आठवडे, त्यात एखादी प्रॅक्टिकलची परीक्षा आणि एक महिनाअखेर आलेली बरी. महिन्यातून एकदाच जागी होणारी मशीन असतात.

जुना सर्व्हर आधीच ओपनएलडॅप असेल तर हे सोपं आहे. लॉगची पातळी 'स्टॅट्स' ठेवा. प्रत्येक जोडणीला लॉगमध्ये समोरचा आयपी येतो आणि पाठोपाठ कुठल्या खात्याने बाइंड, म्हणजे लॉगिन, केलं तेही. त्यावरून मशीनच नाही तर अ‍ॅप्लिकेशनही कळतात: वायफायचा रेडियस, गिटलॅब, व्हीपीएन, ऑफिसमधला झेरॉक्सवजा स्कॅनर.

आमच्या यादीत एक आयपी असा निघाला की त्याला नावच नव्हतं. मॅक पत्ता घेऊन स्विचचा पोर्ट शोधला, केबलच्या मागे मागे गेलो तर ती मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये एका बाकाखाली शिरत होती. तिथल्या मामांना विचारलं. "तो डबा होय? तो बंद करायचा नाही असं जुन्या सरांनी सांगितलंय." जुने सर निवृत्त होऊन गावी गेलेले. डब्यावर एका कटिंग मशीनचा ड्रायव्हर होता आणि विद्यार्थी त्यावर रोज लॉगिन करत होते. माझ्या मूळ योजनेत तो डबा नव्हता. मामांना भेटलो नसतो तर सोमवारी सकाळी तो मला भेटला असता.

मशीनखेरीज स्क्रिप्टही विचारतात. सगळ्या सामायिक फोल्डरमध्ये आणि क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, ग्रेप ही शोधाची आज्ञा लावून 'वायपीकॅट' आणि 'वायपीमॅच' शोधा. प्रिंटचा कोटा मोजणारी, नव्या बॅचची होम फोल्डरं तयार करणारी अशी पिल्लं निघतात. शिवाय जुन्या क्लायंटवर ईटीसीतल्या पासवर्ड आणि ग्रुप फाईलच्या तळाशी अधिकच्या चिन्हाने सुरू होणारी ओळ असू शकते. 'बाकीचं एनआयएसला विचार' असा तिचा अर्थ. ती काढायची नोंद तक्त्यात करा.

दुसरी पायरी: आकडे

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

डिस्कला तुमचं नाव माहीत नसतं. फाईलवर मालक म्हणून फक्त यूआयडी, म्हणजे खात्याचा आकडा, लिहिलेला असतो, आणि यादीत जे नाव दिसतं ते त्या क्षणी डिरेक्टरीला विचारून दाखवलेलं असतं. नव्या सर्व्हरवर आकडे नव्याने वाटले तर नावं तीच राहतील, लॉगिन होईल, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच कुणाची तरी फोल्डरं स्वतःची म्हणून दिसतील. म्हणून नियम एकच: यूआयडी आणि जीआयडी (ग्रुपचा आकडा) जसेच्या तसे न्या. फ्रीआयपीएसारख्या सिस्टिम स्वतःहून मोठमोठे आकडे वाटतात, तिथे तर हे डोळ्यांत तेल घालून पाहा.

अपवाद लहान आकड्यांचा. रेड हॅटच्या ६ व्या आवृत्तीपर्यंत माणसांची खाती ५०० पासून सुरू व्हायची, ७ पासून ती १००० वर गेली. मधले आकडे आता सिस्टिमच्या सेवांना मिळतात, तेही ९९९ पासून खाली येत. आमच्याकडे जुन्या शिक्षकांचे यूआयडी पाचशे-सहाशेच्या घरातले होते. अशांना नवा आकडा द्यावाच लागतो. पूर्ण रिकामा पट्टा निवडा, जुना आकडा आणि नवा आकडा अशी दोन रकान्यांची फाईल करा, आणि फाईल सर्व्हरवर फाइंड लावून जुन्या आकड्याच्या प्रत्येक फाईलचा मालक बदला. रिकामा पट्टा यासाठी की नवा आकडा दुसऱ्या कुणाचा जुना आकडा असेल तर दोघांच्या फायली एकत्र होतात, आणि त्या परत वेगळ्या करायला बॅकअपखेरीज उपाय नाही. काम झाल्यावर फाइंडला 'नोयूझर' पर्याय देऊन बिनमालकाच्या फायली पाहा.

दोन नावांना एकच यूआयडी आहे का तेही तपासा. पासवर्डच्या यादीतला तिसरा रकाना काढा, सॉर्ट करा, युनिकला फक्त पुनरावृत्ती दाखवायला सांगा. आमच्याकडे चार जोड्या निघाल्या. एका जोडीचं कारण असं की पास होऊन गेलेल्या मुलाचं खातं पुसून तोच आकडा नव्या मुलाला दिला होता, आणि नंतर जुन्याने 'सर, माझा प्रोजेक्ट हवाय' म्हटल्यावर त्याचं खातं परत उघडलं होतं. गेलेल्या माणसाचं खातं पुसू नये, शेल 'नोलॉगिन' करून ठेवावं. आकडा अडकून राहिला तरी चालतो, आकडे भरपूर आहेत.

तिसरी पायरी: यादी बाहेर काढणं

वायपीकॅटने पासवर्ड आणि ग्रुपचे नकाशे (एनआयएसमधल्या याद्यांना नकाशे म्हणतात) निघतात. नेटग्रुप (मशीन आणि माणसांचे गट) आणि ऑटोमाउंट (कुठलं फोल्डर कुठून जोडायचं) यांचे काढताना 'के' हा पर्याय द्यायला विसरू नका. तो नसेल तर फक्त नोंदीतला मजकूर येतो, तो कुणाचा ते येत नाही. मी तशी फाईल काढून आठवडाभर जपून ठेवली होती.

मजकुरावरून एलडिफ, म्हणजे एलडॅपमध्ये भरायची मजकुरी फाईल, बनवायला पीएडीएल या कंपनीच्या जुन्या पर्ल स्क्रिप्ट अजून फिरतात. त्या वापरल्यात तर कॉमन फाईलमधला बेस (यादीचं मूळ डोमेन) आधी बदला, नाहीतर तुमचं सगळं कॉलेज पीएडीएल डॉट कॉम या डोमेनखाली जाऊन बसेल. मी म्हणेन, तीस-चाळीस ओळींची स्वतःची पायथन स्क्रिप्ट लिहा. आपल्या नावांचे घोळ आपल्यालाच माहीत असतात.

हा त्यातला पहिला. आयनेटऑर्गपर्सन या वर्गात आडनाव सक्तीचं आहे. तयार स्क्रिप्ट पूर्ण नावातला शेवटचा शब्द आडनाव धरतात. आपल्याकडे कॉलेजच्या याद्या आडनाव, नाव, वडिलांचं नाव अशा क्रमाने असतात. मग आडनावाच्या रकान्यात सगळे रमेश नि सुरेश येतात आणि ईमेलच्या अ‍ॅड्रेस बुकमध्ये अर्धी बॅच एकमेकांची भावंडं दिसते.

दुसरा देवनागरीचा. जीकॉस हा पूर्ण नावाचा जुना रकाना साध्या आस्कीचा, म्हणजे फक्त रोमन अक्षरांचा, आहे, तिथे मराठी नाव चालत नाही, २१ क्रमांकाची चूक येते. मराठी नाव एलडॅपच्या सीएन किंवा डिस्प्लेनेम या नावाच्या रकान्यांत ठेवा, तिथे यूटीएफ-८ चालतं. एलडिफमध्ये मात्र ते बेस६४ होऊन, दोन विसर्गचिन्हांनंतर, अगम्य अक्षरांत दिसतं. फाईल बिघडलेली नाही. लांब ओळ मोडून पुढची ओळ एका मोकळ्या जागेने सुरू होते, तेही तसंच हवं. संपादकात उघडून ती 'नीट' करायला जाऊ नका.

तिसरा लहानमोठ्या अक्षरांचा. एनआयएसमध्ये रोमन मोठ्या अक्षराने सुरू होणारं नाव आणि लहान अक्षराने सुरू होणारं तेच नाव ही दोन खाती असू शकतात. एलडॅपच्या यूआयडी या गुणधर्मात (इथे यूआयडी म्हणजे आकडा नाही, लॉगिननाव) दोन्ही एकच. ग्रुपमधला मेंबरयूआयडी मात्र अक्षरांचा फरक पाळतो, त्यामुळे लॉगिन होतं पण ग्रुप मिळत नाही असा चकवा लागतो.

रूट, बिन, डीमन ही स्थानिक खाती डिरेक्टरीत नेऊ नका. आणि ही फाईल पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. तिच्यात सगळ्यांचे पासवर्डचे हॅश, म्हणजे पासवर्डची गुप्त रूपं, आहेत.

जुनं आधीच ओपनएलडॅप असेल तर

यादी सर्व्हरला विचारणाऱ्या एलडॅपसर्चने काढू नका, थेट डेटाबेस वाचणाऱ्या स्लॅपकॅटने काढा. कारणं दोन. सर्व्हरची उत्तराची मूळ मर्यादा ५०० नोंदींची आहे. तुमची यादी बरोबर ५०० वर थांबली असेल तर योगायोग समजू नका. आणि एंट्रीयूयूआयडी, तयार केल्याची वेळ असे आतले गुणधर्म साध्या शोधात येतच नाहीत. स्लॅपकॅट सगळं देतं, मात्र डेटाबेसच्या क्रमाने देतं, वडील आधी, मुलं नंतर असेलच असं नाही.

भरताना स्लॅपअ‍ॅड. त्या वेळी सर्व्हर बंद हवा, आणि भरून झाल्यावर डेटाबेसच्या फायलींची मालकी सर्व्हरच्या खात्याला परत द्यावी लागते, नाहीतर रूटच्या मालकीच्या फायली पाहून सर्व्हर उठत नाही. खरं भरण्याआधी 'यू' पर्यायाने कोरडी तालीम करा. ओपनएलडॅप २.५ पासून बीडीबी आणि एचडीबी हे डेटाबेसचे जुने प्रकार गेले, एमडीबीच आहे, त्यामुळे जुनी डेटाबेस फाईल कॉपी करून भागत नाही.

तालमीत बहुतेक वेळा ६५ क्रमांकाची चूक दिसेल. एकाच नोंदीत 'अकाउंट' आणि 'आयनेटऑर्गपर्सन' असे दोन मुख्य वर्ग कुणीतरी कधीतरी लावलेले असतात. जुन्या सर्व्हरने खपवून घेतलं, नवा घेत नाही. 'अकाउंट' काढा.

पासवर्ड

हॅश उलटा फिरवता येत नाही, त्यामुळे तो जसा आहे तसाच न्यायचा. ओपनएलडॅपमध्ये महिरपी कंसात 'क्रिप्ट' लिहून त्याला चिकटून जुना हॅश ठेवला की लॉगिन चालतं. पण तो हॅश कसला आहे ते बघा. डॉलर चिन्हाने सुरू होत नसेल आणि बरोबर १३ अक्षरांचा असेल तर तो जुना डीईएस आहे. त्यात पासवर्डची पहिली ८ अक्षरंच मोजली जातात, पुढे काय लिहिलं याला किंमत नाही. आणि एनआयएसमध्ये नेटवर्कवरच्या कुणालाही वायपीकॅट करून हे हॅश बघता येत होते. म्हणजे ते सगळे फुटलेले धरा. हॅश न्या, म्हणजे पहिल्या दिवशी गोंधळ होणार नाही, आणि पीपॉलिसी (ओपनएलडॅपची पासवर्डच्या नियमांची सोय) लावून पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलायला लावा.

फ्रीआयपीएकडे जात असाल तर अजून एक. तिथे लॉगिन कर्बेरॉस या पद्धतीने होतं, आणि हॅशवरून कर्बेरॉसची किल्ली तयार होत नाही. मायग्रेशनची अवस्था चालू ठेवायची आणि प्रत्येकाने एकदा एसएसएसडीवरून (क्लायंटवर बसून डिरेक्टरीला विचारणारी सेवा) किंवा त्याच्या मायग्रेशन पानावरून लॉगिन करायचं, तेव्हा ती बनते. जे महिनाभर येणार नाहीत त्यांची यादी आधीच हाताशी ठेवा.

नवा सर्व्हर

थोडक्यात सांगतो. टीएलएस, म्हणजे जोडणीवरचं कुलूप, पहिल्या दिवसापासून, कारण उघड्या जोडणीवर एसएसएसडी पासवर्ड पाठवतच नाही. सर्टिफिकेटवर सर्व्हरचं डीएनएसमधलं नाव हवं आणि क्लायंटनी त्याच नावाने हाक मारायची, आयपीने नाही. सर्टिफिकेट तपासूच नको असा एक पर्याय इंटरनेटवर प्रत्येक उत्तरात सापडतो. तो लावलात तर टीएलएस लावल्याचा उपयोग काय? यूआयडी, यूआयडीनंबर, जीआयडीनंबर, मेंबरयूआयडी यांना इंडेक्स द्या. यूझरपासवर्ड कुणाला वाचता येत नाही ना, हे निनावी शोध करून स्वतः पाहा. दुसरा सर्व्हर प्रतिकृती म्हणून हवाच, आणि तो वेगळ्या यूपीएसवर.

तारीख

दिवाळीच्या सुट्टीत करू नका. कॉलेज रिकामं असतं हे खरं, पण मग चाचणीला माणूसही नसतो आणि सगळ्या तक्रारी सुट्टी संपली की एकदम येतात. गुरुवार टाळा, पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. सर्व्हर पेठांच्या भागात असेल तर अनंत चतुर्दशी आणि पालखीचे दिवस सोडा. रस्ते बंद असतात, आणि तुम्ही कोथरूडला नि अडकलेलं मशीन लक्ष्मी रोडपलीकडे अशी अवस्था येते. नव्या प्रवेशांच्या आधीचा एखादा शनिवार सगळ्यात बरा. नवी बॅच नव्या घरातच जन्माला येते.

बदलाचा दिवस

शुक्रवारी संध्याकाळी पासवर्ड बदलण्याची जुनी सेवा बंद करा आणि तसं नोटीस बोर्डवर लावा. तेव्हापासून नवं खातं, बदल, काहीही फक्त नव्या सर्व्हरवर. दोन्हीकडे हाताने नोंदी करण्याचा मोह होतो, पण तिसऱ्या दिवशी दोन याद्या वेगळ्या झालेल्या असतात.

प्रत्येक मशीनला हात लावण्याआधी स्थानिक रूटचा पासवर्ड खरंच चालतो का ते पाहा, आणि एक रूट खिडकी उघडी ठेवूनच काम करा. मग एसएसएसडी लावा. त्याची फाईल फक्त रूटला वाचता येईल अशी हवी, नाहीतर बऱ्याच आवृत्त्यांत सेवा उठतच नाही. स्कीमा २३०७ आहे की २३०७ बिस ते नीट लिहा. पहिल्यात ग्रुपमध्ये नुसतं लॉगिननाव असतं, दुसऱ्यात पूर्ण डीएन, म्हणजे नोंदीचा डिरेक्टरीतला पूर्ण पत्ता. हे चुकलं तर माणूस आत येतो पण त्याचे ग्रुप रिकामे दिसतात. एनएसस्विचमध्ये, म्हणजे नावं कुणाला विचारायची ते सांगणाऱ्या फाईलमध्ये, 'एनआयएस' काढून 'एसएसएस' लिहा. एनएससीडी ही उत्तरं साठवणारी जुनी सेवा चालू असेल तर बंद करा, दोन कॅशे एकमेकांच्या पायात येतात.

आता चाचणी. सगळी खाती दाखवणारी गेटेंट पासवर्ड ही आज्ञा देऊन ओळी मोजल्यात तर जेमतेम तीसेक दिसतील आणि पोटात गोळा येईल. घाबरू नका. एसएसएसडी मुळात सगळी यादी देतच नाही, एकेक नाव विचारलं तर देतो. म्हणून जुन्या यादीतलं प्रत्येक नाव घेऊन 'आयडी' चालवणारी छोटी स्क्रिप्ट करा, जुन्या आणि नव्या मशीनवरचं उत्तर दोन फायलींत घ्या आणि डिफ करा. ज्यांचे आकडे तुम्ही मुद्दाम बदलले तेवढेच फरक दिसले पाहिजेत. बदल करून जुनंच उत्तर येत असेल तर आधी एसएसएस कॅशे रिकामा करा, मग स्वतःला दोष द्या.

आणि मशीन रीबूट करा. आमच्या पहिल्या लॅबमध्ये सगळं चाललं, सकाळी मुलांनी मशीन सुरू केली आणि होम फोल्डरच नाही. होम फोल्डर जोडणारा ऑटोएफएस एसएसएसडीच्या आधी उठत होता, त्याला नकाशा मिळत नव्हता. क्रम लावून ते सुटतं. लॅब छोटी असेल तर होमचा नकाशा डिरेक्टरीत ठेवण्यापेक्षा साध्या फाईलमध्ये ठेवून अ‍ॅन्सिबलने (एकच बदल सगळ्या मशीनवर नेणारं साधन) वाटावा, या मताला मी त्या सकाळी आलो.

एक लॅब करा, तिच्यात दोन दिवस मुलांना बसू द्या, मग दुसरी. परत फिरायची वेळ आली तर काय करायचं ते कागदावर लिहून सर्व्हरच्या रॅकला चिकटवा: कुठली फाईल मागे घ्यायची, कुठली सेवा सुरू करायची. रात्री अकराला ते आठवत नाही.

जुना सर्व्हर

लगेच बंद करू नका. टीसीपीडम्प परत लावा. सगळ्या लॅब हलल्यावरही आमच्याकडे दोन आयपी येत होते. एक मामांचा डबा, त्यावरची सिस्टिम इतकी जुनी की एसएसएसडी चढेना. त्याला शेवटी स्थानिक खाती करून दिली. दुसरं ग्रंथालयातलं एक मशीन, जे फक्त वार्षिक मोजणीच्या वेळी सुरू होतं. दोन्ही गप्प झाल्यावर सेवा बंद केली, आणि एक परीक्षा सुखरूप पार पडल्यावर केबल काढली.

डेड स्टॉक रजिस्टरमध्ये तो सर्व्हर अजून जिवंत असतो, निर्लेखनाचा कागद सह्या होत होत पुढे सरकतो, आणि तोवर खोका कोपऱ्यात पडून राहतो. डिस्क मात्र त्याआधी काढून घ्या आणि पुसा, नुसत्या फॉरमॅट करू नका. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी अशा डिस्क किरकोळ भावात मिळतात, आणि घेणाऱ्याला वायपीकॅट करायचीही गरज नसते. आमच्या रजिस्टरमध्ये 'डिस्क काढून घेतल्या, नग २' असा शेरा आहे. त्या शेऱ्याखाली मी आणि मामा, दोघांच्या सह्या आहेत.